भयाला मराठी पत्ता देणारा लेखक

पाश्चात्त्य परीकथांमधील गॉब्लिन हा प्राणी आता मराठी घरांमध्ये अपरिचित राहिलेला नाही. ठेंगणा, वाकड्या अंगाचा, जमिनीखाली राहणारा आणि सोन्याच्या नावाने डोळे लकाकणारा असा हा जीव. जॉर्ज मॅकडोनाल्ड या स्कॉटिश लेखकाने १८७२ साली त्याला मुलांच्या कादंबरीत मानाचे स्थान दिले. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३७च्या ‘द हॉबिट’मध्ये त्याला डोंगराच्या पोटात वसवले, आणि हॅरी पॉटरच्या जगात तर जादूगारांची बँकच त्याच्या हाती सोपवण्यात आली. चित्रपटांमुळे ही मंडळी शहरांतील मुलांना इतकी ओळखीची झाली, की आपल्या आजीच्या गोष्टींतील गिऱ्हा, चकवा, झोटिंग आणि समंध त्यांना परके वाटावेत.

मात्र गेल्या काही वर्षांत एक उलटा प्रवाह दिसू लागला. २०१८ साली ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाने कोकणातील एका पडक्या वाड्याच्या तळाशी हस्तर नावाचा लालभडक, सोन्याचा लोभी जीव दाखवला. २०२४ साली आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने आपल्या पिंपळावरच्या मुंजाला संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर नाचवले. मराठी भूत देशभरच्या प्रेक्षकांसमोर ताठ मानेने उभे राहिले. यांपैकी पहिल्या चित्रपटामागे ज्या लेखकाची कथा आहे, त्याचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत अभावानेच आढळते. ते नाव म्हणजे नारायण गोपाळ धारप.

धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५चा. त्यांनी मुंबई विद्यापीठातून रासायनिक तंत्रज्ञानाची पदवी घेतली. पुढे काही वर्षे ते आफ्रिकेत होते. तेथून परतल्यावर त्यांनी लेखणी हाती धरली ती अखेरपर्यंत खाली ठेवली नाही. पुणे ही त्यांची कर्मभूमी. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. भयकथा आणि गूढकथा हा त्यांचा मुख्य प्रांत असला, तरी ‘नेनचिम’ आणि ‘ऐसी रत्ने मेळवीन’ यांसारख्या कादंबऱ्यांतून त्यांनी विज्ञानकथेचीही वाट चोखाळली. भूत-पिशाच्चांचा हा लेखक मुळात रसायनशास्त्राचा पदवीधर होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाचा काटेकोरपणा त्यांच्या कथनात उतरला आहे. तपशिलांची मांडणी, एकेका शक्यतेची छाननी, आणि सर्व शक्यता संपल्यावर उरणारी एकच भयंकर गोष्ट, अशा क्रमाने त्यांची कथा पुढे सरकते. वाचक घाबरतो, कारण त्याला आधी पटवून दिलेले असते.

त्यांच्या कामगिरीचे मोल समजण्यासाठी त्यांच्या आधीची मराठी भुतांची सृष्टी पाहावी लागेल. छापील मराठी गद्य अगदी बाल्यावस्थेत असतानाच, १८३० साली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ वाचकांच्या हाती आली. म्हणजे मराठी मुद्रित गद्याचे आणि पिशाच्चाचे नाते जवळजवळ जन्मापासूनचे आहे. लोकांच्या तोंडी तर ही सृष्टी त्याहून कितीतरी जुनी. मुंज झाल्यावर लग्नापूर्वीच मरण पावलेला मुलगा म्हणजे मुंजा. धनावर वासना ठेवून गेलेला ब्राह्मण म्हणजे समंध, जो पुरलेल्या हंड्यावर पहारा देत बसतो. पाण्यात ओढणारा तो गिऱ्हा आणि रानात वाट चुकवणारा तो चकवा. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. मुंजाचा पिंपळ, गिऱ्ह्याचा डोह, हडळीची विहीर आणि वेताळाची गावाबाहेरची शीव.

या सृष्टीचे एक वैशिष्ट्य सहसा नजरेतून निसटते. युरोपातील गॉब्लिन ही माणसाहून वेगळी जात आहे. तो कधी माणूस नव्हता आणि होणारही नाही. आपली बहुतेक भुते मात्र पूर्वाश्रमीची माणसेच आहेत. कुणाचे लग्न राहिले, कुणाचे धन राहिले, कुणी बाळंतपणात गेली. अपुऱ्या इच्छेने ती मागे थांबली. म्हणून आपल्याकडे भुताशी बोलता येते, त्याची मागणी विचारता येते, नारळ-कोंबड्यावर तडजोड होते. या भुताची भीती वाटते, तशी थोडी कणवही येते.

धारपांनी मराठी कथेत आणला तो दुसरा प्रकार. त्यांच्या अनेक कथांतील अरिष्ट हे कधीकाळचे माणूस नसते. ते आपल्या जगाच्या शेजारी असलेल्या, परंतु आपल्या ज्ञानेंद्रियांना न दिसणाऱ्या प्रदेशातून येते. त्याची काही इच्छा अपुरी राहिलेली नसते. त्याला फक्त आत यायचे असते, आणि आत येण्यासाठी माणसाचा लोभ, सूड किंवा कुतूहल यांपैकी एखादी फट पुरते. ‘अनोळखी दिशा’ हे त्यांच्या एका संग्रहाचे नाव त्यांच्या साऱ्या लेखनाचे शीर्षक म्हणून शोभले असते. पूर्व-पश्चिम, दक्षिण-उत्तर आपल्याला ठाऊक असतात. त्यांपलीकडे आणखी एक दिशा असावी आणि तिकडून कुणीतरी पाहत असावे, ही कल्पना नारळ-कोंबड्याने शांत होणारी नव्हती.

ही परकी कल्पना त्यांनी वाचकाच्या गळी कशी उतरवली, याचे उत्तर त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाच्या नावात आहे, ते म्हणजे ‘४४० चंदनवाडी’. भयाला त्यांनी घर क्रमांक दिला. पिंपळ तोडले गेले, विहिरी बुजल्या, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. जुनी भुते बेघर झाली. नव्याने शहरात आलेला कारकून, प्राध्यापक, बँकेतला कर्मचारी यांना पिंपळाचे भय उरले नव्हते. धारपांनी त्यांच्यासाठी भाड्याची खोली, वारसाहक्काने मिळालेला बंगला, दूरच्या मामाने ठेवलेली पेटी, जिन्यावरचा अंधार यांत भय वसवले. पात्रांची आडनावे शेजारपाजारची आणि बोलणे घरगुती. स्टोव्हवर चहा उकळत असताना, जेवणाची पाने मांडली जात असताना काहीतरी बिनसू लागते. वाचक पुस्तक मिटून स्वतःच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाई, आणि दिवा लावूनच जाई.

अशा जगात वाचकाला आधार लागतो. तो धारपांनी ‘समर्थ’ या मालिकेतून दिला. अघोरी शक्तींनी ग्रासलेल्या सामान्य माणसाच्या मदतीला धावून येणारे समर्थ हे त्यांचे सर्वांत लोकप्रिय पात्र. या नावामागे महाराष्ट्राची एक मोठी आध्यात्मिक स्मृती उभी आहे, हे वेगळे सांगायला नको. ‘समर्थांचा प्रहार’, ‘समर्थांची शक्ती’, ‘समर्थांचे पुनरागमन’ ही पुस्तके वाचकांनी अक्षरशः फाटेपर्यंत वाचली. पाश्चात्त्य भयकथेत अनेकदा अंती अंधारच उरतो. धारपांच्या मालिकेत मात्र प्रतिकार शक्य असतो. त्यासाठी धैर्य, शिस्त आणि मनाची स्वच्छता लागते. वाईटाला जसे आवतण द्यावे लागते, तसेच चांगल्यालाही साद घालावी लागते, असा त्यांचा एकंदर सूर आहे. या सुरामुळेच मुलांच्या हाती त्यांचे पुस्तक दिसले, तरी पालक फार कठोर होत नसत.

धारपांचे वाचक मुख्यतः वाचनालयांनी घडवले. पुस्तक विकत घेणे ही चैन होती, त्या काळात महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयांनी मराठी मध्यमवर्गाला वाचते ठेवले. तेथील एका फळीवर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, दुसऱ्या फळीवर धारप, अशी मांडणी पुष्कळांना आठवत असेल. खाकी कव्हर, कोपरे दुमडलेले, अखेरचे पान गहाळ. रंगवून सांगितलेल्या शेवटावर समाधान मानावे लागे. लोकप्रियतेचा हा पुरावा समीक्षेच्या दरबारात मात्र ग्राह्य धरला गेला नाही. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा यांना मराठीत बराच काळ दुय्यम नागरिकत्व होते. धारप हयातभर त्याच रांगेत उभे राहिले.

या उपेक्षेमागे निव्वळ वाङ्मयीन सोवळेपणा नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. एक गंभीर आक्षेप होता आणि त्याचे मूळ महाराष्ट्राच्या वास्तवात होते. १९८०च्या दशकात अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ राज्यात उभी राहत होती. विदर्भ-मराठवाड्यात भानामतीच्या नावाने माणसांना छळले जात होते, चेटकीण ठरवून बायकांना गावाबाहेर काढले जात होते आणि गुप्तधनाच्या आशेने बळीपर्यंत मजल जात होती. २०१३ साली राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्याच्या अनुसूचीत भानामती, करणी आणि गुप्तधनाचा शोध यांच्या नावाने होणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. यवतमाळच्या किंवा घाटंजीच्या वाचकाला या गोष्टी केवळ पुस्तकी वाटणार नाहीत. अशा समाजात ‘चेटकीण’ नावाची कादंबरी लिहिणे निरुपद्रवी आहे काय, हा प्रश्न रास्तच होता.

त्याचे उत्तर धारपांच्या कथांच्या रचनेत शोधता येते. गावातील भानामती बोट दाखवते ते शेजारच्या दुबळ्या माणसाकडे. विधवेकडे, म्हातारीकडे, परजातीच्या कुटुंबाकडे. धारपांची कथा वाचकाला अनेकदा स्वतःच्या लोभाकडे पाहायला लावते. अरिष्टाला दार उघडणारा हात बहुधा घरातल्याच एखाद्याचा असतो. शिवाय कथेतील भूत पुस्तक मिटले की मिटते. त्यासाठी कुणाला दंड भरावा लागत नाही, कुणाचे घर जळत नाही. भीतीला कल्पनेत जागा मिळाली, तर प्रत्यक्षात ती कमी रक्त मागते, असा एक युक्तिवाद करता येईल. तो सर्वांना पटेलच असे नाही. ज्यांनी भानामतीचे बळी पाहिले आहेत, त्यांना तर तो शहरी वाचकाचा विलासही वाटेल. मात्र धारपांचे मोजमाप करताना हा प्रश्न टाळून चालणार नाही.

दुसरा प्रश्न उसनवारीचा. धारपांना मराठीचे स्टीफन किंग म्हटले जाते. हे बिरुद कौतुकाचे खरे, पण त्यात एक कोपरखळीही आहे. ‘लुचाई’चे मूळ किंगच्या १९७५च्या ‘सेलम्स लॉट’मध्ये, तर ‘शपथ’चे १९८६च्या ‘इट’मध्ये आहे, हे जाणकार वाचक ओळखून आहेत. ‘आजी’ ही त्यांची गाजलेली कथा किंगच्या ‘ग्रामा’ या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या कथेशी थेट नाते सांगते. घरात एकटे राहिलेले मूल आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली भयावह आजी, हा दोन्हींचा गाभा.

हे नाते आणखी मागे नेले, तर मोठी मनोरंजक वंशावळ हाती लागते. किंगच्या त्या कथेत हस्तुर नावाच्या शक्तीचा उच्चार येतो. हे नाव त्याचे नव्हे. ॲम्ब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९०च्या दशकात ते वापरले, तेव्हा हस्तुर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचलून आपल्या गूढकथांत पेरले. १९३१ साली एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथेत त्याचा ओझरता उल्लेख आला, आणि त्याच्या अनुयायांनी या सौम्य देवाचे अक्राळविक्राळ दैत्यात रूपांतर केले. चार-पाच लेखकांच्या हातांतून फिरत, दर हाताला आपला रंग बदलत हे नाव पुढे सरकत राहिले. भयकथेच्या जगात पिशाच्चांना पासपोर्ट लागत नाही. टॉल्किनच्या गॉब्लिनांवर मॅकडोनाल्डचे ऋण आहे आणि मॅकडोनाल्डवर लोककथांचे. धारपांनी घेतले, हे खरे. तथापि जे घेतले ते त्यांनी मराठी नात्यांच्या चौकटीत बसवले. परदेशी कथेतील वृद्धा मराठीत आली ती आजी होऊन, आणि आजी या शब्दाभोवती मऊ लुगडे, गोष्टी आणि खाऊ यांची जी ऊब आहे, तिच्यातच त्यांनी थंडगार भय ठेवले. असे असले तरी ऋण ते ऋणच. ते नोंदवले गेले पाहिजे आणि ते नोंदवल्याने धारप लहान होत नाहीत.

त्यांच्यावरील ऋणाप्रमाणेच त्यांचेही ऋण पुढे कुणावर तरी चढले. ही हकिकत विदर्भातली आहे. घाटंजी-पांढरकवड्याच्या लोकांना टिपेश्वरचे रान जसे जवळचे, तसे पूर्व विदर्भातील वन्यप्रेमींना नागझिरा. १९९३ साली, हा भाग भंडारा जिल्ह्यात असताना, राही अनिल बर्वे हा तरुण नागझिऱ्याच्या अभयारण्यात मुक्कामाला होता. तेथे एका मित्राने त्याला धारपांची कथा सांगितली. छापील पुस्तक हाती नाही, केवळ तोंडी गोष्ट आणि भोवती जंगल. भुताची गोष्ट पूर्वापार जशी सांगितली जात असे, तशीच ती त्या रात्री सांगितली गेली. बर्वे यांच्या मनात ती रुतून बसली. १९९७ साली त्यांनी चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. पुढे निर्माते आले आणि गेले, चित्रीकरण झाले आणि पुन्हा करावे लागले. अखेर २०१८ साली व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ ‘तुंबाड’ने झाला आणि १२ ऑक्टोबरला तो भारतात प्रदर्शित झाला.

तोवर या कथेने आणखी एक वेष बदलला होता. गावाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७च्या कादंबरीतून आले. साखळीने बांधलेली आजी उरली. हस्तुरचा हस्तर झाला, आणि तो समृद्धीच्या देवीचा लोभी ज्येष्ठ पुत्र ठरला. त्याच्या लंगोटात सोन्याच्या मोहरा आणि पोटात कणकेची अनंत भूक. हा हस्तर एका अर्थाने अस्सल गॉब्लिन आहे, कारण तो जमिनीखाली राहतो, सोने राखतो आणि माणूस कधीच नव्हता. दुसऱ्या अर्थाने तो आपला समंध आहे, कारण त्याच्या हंड्यावर वाड्यातल्या पिढ्यांची वासना गुंतली आहे. बिअर्सच्या मेंढपाळांचा सौम्य देव सव्वाशे वर्षांनी कोकणातल्या पावसात येऊन पोहोचला, त्या वाटेवर धारप हा एक महत्त्वाचा मुक्काम होता. त्यांनी नात्यांची भाषा दिली नसती, तर हे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटले नसते.

हे यश पाहायला धारप हयात नव्हते. १८ ऑगस्ट २००८ रोजी, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. त्यानंतर ‘अनोळखी दिशा’ या नावाने त्यांच्या कथा दूरचित्रवाणीवर आल्या. ‘तुंबाड’च्याच वर्षी, २०१८ मध्ये, ‘ग्रहण’ ही मालिका आली. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. २०२४ साली ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी झाली. त्या गर्दीतल्या अनेकांना मूळ लेखकाचे नाव ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. पण ज्यांनी एकेकाळी वाचनालयाच्या फळीवरून खाकी कव्हरातले पुस्तक घरी नेले, त्यांनी तरी ते पुढच्या पिढीला सांगायला हवे.

आपल्या मुलांना परदेशी गॉब्लिनांची नावे तोंडपाठ आहेत, याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. कल्पनेची देवघेव अशीच चालते आणि ती चालावी. मात्र घेतलेल्या वस्तूला आपल्या घरात जागा करून देणारा कुणीतरी लागतो. तिला आपली बोली, आपली नाती, आपला घर क्रमांक द्यावा लागतो. मराठीत हे काम एका रसायनतज्ज्ञाने, फारशा मानसन्मानाची वाट न पाहता, शंभराहून अधिक पुस्तके लिहून केले. वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद दोन ओळींची का होईना, पण दोन्ही बाजूंची हवी. त्यांनी कुणाकडून काय घेतले, ही पहिली ओळ. आणि त्यांच्याकडून आपण काय घेतले, ही दुसरी.